सोळा भाषांचे नाना

धुळ्यात पारोळा रोडच्या नाक्यावर ताडपत्र्या शिवणारे एक गृहस्थ होते. त्यांनी कित्येक वर्षं परमुलखातल्या ट्रक ड्रायव्हरांचं बोलणं मराठीत सांगितलं, आणि त्या सगळ्या वर्षांत एकदाही बरोबर सांगितलं नाही. हे मी चेष्टेने लिहीत नाही. मला त्यांचा राग यायचा. आजही त्यांची आठवण निघाली की आधी रागच येतो, बाकीचं मागून येतं.

सगळे त्यांना नाना म्हणत. धुळ्याच्या रस्त्यात 'नाना' अशी हाक मारली तर निम्मे म्हातारे वळून बघतात, म्हणून हे ताडपत्रीवाले नाना. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता धुळ्यात एकमेकांना छेदतात. त्यामुळे नाक्यावर पंजाबच्या, मद्रासच्या, आंध्राच्या, मलबारच्या गाड्या रोज उभ्या असत. गाडीच्या इंजिनात कुठलं तेल घालायचं हे मालकाला पाठ असे. तिच्या ड्रायव्हरला कुठली भाषा कळते, हे त्याने कधी विचारलेलं नसे. आमच्याकडच्या मालकाने मद्रासकडचा ड्रायव्हर ठेवायचा, मुनीमजीने त्याला मारवाडी वळणाच्या हिंदीत पत्ता सांगायचा आणि त्याने मान हलवून गाडी काढायची. पुढे जकात नाका, पोलीस, वजनकाटा, कापसाच्या जिनिंगचं फाटक, प्रत्येक ठिकाणी तो मुका. मी तेव्हा कॉलेज सोडून ड्रायव्हर-हमालांच्या संघटनेत काम करत होतो आणि पत्रकं छापून वाटत होतो. या मुकेपणावर मालकांचा धंदा चालतो, असं मी एका पत्रकात लिहिलं होतं. ते मला आजही खरं वाटतं.

नानांच्या डोक्यावरच्या टोपीत ताडपत्री शिवायचं लांब दाभण खोचलेलं असे. भर मे महिन्यात गळ्याला लोकरी मफलर. बसायला घडी केलेली ताडपत्री, आणि ती विकली गेली की गिऱ्हाईक उभं असतानाच ते दुसरी घडी ओढून तिच्यावर बसत. आपल्याला सोळा भाषा येतात असं ते कुणालाही सांगत. मी एकदा मोजायला लावल्या. मद्राशी, मलबारी, सरदारजींची, गुजराथी, मारवाडी असं करत ते अडखळले, मग धुळ्याची अहिराणी आणि पहूरकडची बोली या त्यांनी दोन स्वतंत्र भाषा धरल्या. त्यातली पहूरची जास्त अवघड, असंही त्यांनी मला बजावलं.

प्रत्यक्षात ते सगळ्यांशी अहिराणीच बोलत, फक्त मोठ्याने आणि सावकाश. समोरचा तमिळ असो की तेलुगू, नाना त्याच्या खांद्यावर हात ठेवून बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडत. यामागे त्यांचा एक सिद्धांत होता. "बठ्ठ्या भाषा एकच शेतस, भाऊ. लोके घाईमा बोलतस, म्हनीसन न्याऱ्या लागतस."

दुपारी डबा घेऊन त्यांच्या घरून अक्का यायच्या. नवऱ्याच्या भाषाज्ञानाबद्दल त्यांचं मत स्पष्ट होतं. डबा उघडता उघडता त्या मला म्हणायच्या, "घरमा मन्ही एक भाषा समजत नही यास्ले. मद्रासनी मात्र समजस." नाना भाकरी मोडत राहायचे, जणू अक्का सतरावी भाषा बोलत होत्या.

त्यांचं दुभाष्याचं काम मी पहिल्यांदा पाहिलं ते जकात नाक्यावर. आंध्राकडच्या एका ड्रायव्हरला कारकुनाने सकाळपासून ताटकळत ठेवलं होतं आणि स्वतः जेवायला गेला होता. कारकून परत आल्यावर ड्रायव्हर खिडकीवर थापा मारून बोलू लागला. शब्द कुणाला कळले नाहीत, पण तो शिव्या देतोय हे कळायला भाषा लागत नव्हती. कुणीतरी नानांना बोलावून आणलं. ते डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकू लागले. मध्येच "हां, हां, बराबर" म्हणत होते. ड्रायव्हरचं आटोपल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि कारकुनाकडे वळून हात जोडले.

"साहेब, तो म्हनस चूक व्हयनी. परका मुलूख शे, नियम ठाऊक नही. घरमा पोरंसोरं शेतस. माफ करी द्या."

कारकून खूश झाला आणि त्याने शिक्का मारला. शिक्का बघून ड्रायव्हरला वाटलं, आपण जे सुनावलं ते या म्हाताऱ्याने नीट पोचवलं आणि साहेब नरमला. त्याने नानांचे दोन्ही हात दाबले, छाती पुढे काढून गाडीत बसला आणि निघून गेला. कारकून समाधानी, ड्रायव्हर समाधानी, नाना तर फारच. चिडलेला मी एकटाच होतो.

पुढे लक्षात आलं की नाना नेहमी हेच सांगतात. पोलिसाने अडवलेला असो, काट्यावर वजनात फसवलेला असो, हॉटेलवाल्याने लुबाडलेला असो, ड्रायव्हरने काहीही सांगितलं तरी नानांच्या तोंडून मराठीत एकच बाहेर पडे: चूक झाली, माफ करा. या कामाचे ते काही घेत नसत, उलट ड्रायव्हरला चहा पाजत. हवालदार, कारकून, काटेवाले सगळ्यांना ते प्रिय होते. का नसावेत? आपल्या नाक्यावर येणारा प्रत्येक माणूस हात जोडून उभा आहे, असं रोज कुणी येऊन सांगत असेल तर कुणालाही बरंच वाटेल.

मी त्यांच्याशी भांडलो. एकदा नाही, अनेकदा. त्यांच्या दुकानात माझी पत्रकं असायची, पण त्यांचा उपयोग ते थिगळाचं माप कापायला करत. "पुढारी," ते म्हणायचे, "कागद जाड छापत जाय. पातळ कागदवर माप बराबर येत नही." मी त्यांना म्हणालो, नाना, ज्याने काही केलेलं नाही त्याला तुम्ही रोज गुन्हेगार करता. त्याला भांडायचं असतं आणि तुम्ही त्याला वाकवता. तो परक्या मुलखात आहे म्हणून त्याचा स्वाभिमान काय जकातीच्या खिडकीत ठेवून जायचा?

त्यांनी दाभणात सुतळी ओवली. मग म्हणाले, "भांडाले भाषा लागस, भाऊ. माफी मांगाले नही लागत."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्यावर माझ्याकडे फक्त एक उदाहरण होतं. धरणगावच्या एका प्रेसिंग कारखान्याच्या फाटकावर रुईच्या गाठी भिजलेल्या निघाल्या होत्या. गोदामाचं छप्पर गळत होतं, ते सगळ्या हमालांना माहीत होतं. ड्रायव्हर हात वर करून छपराकडेच दाखवत होता. ताडपत्र्या पोचवायला आलेल्या नानांनी मध्ये पडून शेटजींना सांगितलं, तो म्हणतो चूक झाली. शेटजींनी माफही केलं, आणि त्या हंगामात पुन्हा त्याला फाटकात घेतलं नाही. हे मी नानांना सांगितलं. ते म्हणाले, असं होतं कधीमधी.

मग ती पारोळ्याच्या अलीकडची घटना घडली.

सेलमकडचा एक ड्रायव्हर होता. सडपातळ, कपाळाला भस्म, हिंदी नाही, मराठीचा प्रश्नच नाही. गाडी आमच्याकडच्याच एका मालकाची. धरणगावहून कोइमतूरच्या गिरणीसाठी गाठी भरून तो निघाला. पारोळ्याच्या अलीकडे शेताच्या वाटेने एक बैलगाडी रस्त्यावर आली आणि ट्रक तिच्यावर गेला. गाडीवान कुणाच्या तरी शेतावर सालदार होता. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला. एक बैलही गेला. ड्रायव्हर पळाला नाही. लोक जमले, त्याला मारहाण झाली, मग पोलिसांनी त्याला ठाण्यात नेलं.

ठाण्यातल्या हवालदाराने सवयीप्रमाणे नानांना आणायला गाडी पाठवली. बातमी लागताच मीही पोचलो. ड्रायव्हरचा सदरा फाटलेला होता आणि ओठ सुजला होता. तो नानांकडे बघून बोलू लागला आणि बराच वेळ बोलला. त्यात 'ब्रेक' हा एक शब्द आम्हा सगळ्यांना कळला, कारण तो सगळीकडे सारखाच. बाकीचं वाक्य नानांनी आपल्या पदरचं घातलं. ब्रेक लावायला उशीर झाला म्हणतो, डोळा लागला होता, चूक व्हयनी म्हनस, माफ करा. हवालदाराने मान डोलावली. मी हरकत घेतली, तर त्याने मला विचारलं, "तुला येते त्याची भाषा?" येत नव्हती. त्याने मला बाहेर काढलं.

नानांना वाटलं होतं, नेहमीसारखं होईल. हवालदार दोन शब्द सुनावेल आणि सोडून देईल. पण इथे माणूस मेला होता. ड्रायव्हरला कोठडीत घातलं. मालकाने जामीन दिला नाही. मालकाचा वकील मात्र फार उत्साहाने कामाला लागला, आणि त्याची योजना सोपी होती. कोर्टात ड्रायव्हरने गुन्हा कबूल करून टाकायचा. तो आत जाईल, प्रकरण मिटेल, गाडीची तपासणी नको, मालकाला प्रश्न नकोत. कबुली द्यायला आरोपीची भाषा जाणणारा दुभाषी हवा, तर तो नाक्यावर तयारच होता.

तारखेच्या आदल्या दिवशी मी नानांच्या दुकानात गेलो आणि जाऊ नका म्हणून सांगितलं. इथे शिक्का मारून गाडी सोडत नाहीत, इथे तुमच्या एका शब्दावर माणूस तुरुंगात जाईल, त्याची बायकामुलं तिकडे सेलमला वाट बघत राहतील. नाना ऐकेनात. कोर्टाने आपल्याला बोलावलंय, साधा मान आहे का? अक्कांनी त्यांचा ठेवणीतला कोट उन्हात घातला होता. त्या मला म्हणाल्या, "जाऊ दे भाऊ. जग ऐकी लेस त्यास्नं, तू काबरं आडवा जास?" यात टोमणा होता की अभिमान, ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या ओसरीवर नाना कोट, मफलर आणि धुतलेली टोपी घालून उभे होते. टोपीत दाभण नव्हतं. दाभणाशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, ते एकदम कुणी दुसरेच वाटले. थोड्या वेळाने शिपायाने ड्रायव्हरला आणलं. तो वाळला होता. नानांना बघून त्याचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत त्याला ओळखीचं माणूस दिसलं ते हेच. तो दोन पावलं पुढे आला आणि स्वच्छ अहिराणीत म्हणाला,

"चूक व्हयनी."

नाना चमकले. मीही. त्याच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता. शाळेत पोरगा पाठ केलेलं म्हणून दाखवतो तसा तो उत्सुकतेने बघत होता. पुन्हा म्हणाला, "चूक व्हयनी," आणि म्हणताना त्याने उजवा पाय उचलून जमिनीवर दाबला. पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. ओसरीच्या फरशीवर टाच टेकून चवडा खाली, खाली, खालीच. मग दोन्ही तळवे पसरून रिकामे दाखवले. "चूक व्हयनी, चूक व्हयनी."

मला गाडी चालवता येत नव्हती, त्यामुळे मला काही उमगलं नाही. नाना मात्र त्या पायाकडे बघत राहिले. त्यांचा सगळा जन्म गाड्यांमध्ये गेला होता. मग त्यांनी आपला पाय उचलला, चवडा हळूच खाली दाबला आणि भुवया वर करून ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हरने जोरजोरात मान हलवली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हा मला कळलं. ठाण्यात तो सांगत होता की ब्रेकचं पायडल खाली जात होतं, गाडी थांबतच नव्हती. त्याच्या त्या एवढ्या लांब बोलण्यानंतर नानांनी हवालदाराला जे शब्द सांगितले, ते त्याने कान देऊन पाठ केले होते. त्याला वाटत होतं, माझा ब्रेक निकामी होता, याला इथल्या भाषेत असं म्हणतात. कोठडीत तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक शिपायाला तेच सांगत राहिला होता. आपण निर्दोष आहोत हे पटवायला तो रोज गुन्हा कबूल करत होता.

पुकारा झाला.

मॅजिस्ट्रेट तरुण होते, शांत बोलणारे. त्यांनी नानांना शपथ घ्यायला सांगण्याआधी विचारलं, "आरोपीची भाषा तुम्हाला येते ना?"

नानांचा हात मफलरकडे गेला. मालकाचा वकील खुर्चीतून म्हणाला, "येते साहेब, सोळा भाषा येतात त्यांना. नाक्यावर कुणालाही विचारा."

"मी त्यांना विचारतोय."

नानांनी मफलर सोडला आणि हातात घेतला. "नही येत, साहेब."

"मग ठाण्यात दुभाषी कोण होतं?"

"मीच व्हतू." आणि मग, सगळ्या नाक्यासमोर वर्षानुवर्षं मिरवलेलं ते सगळं त्यांनी तिथे उतरवून ठेवलं. "माले कोन्हीच भाषा येत नही, साहेब. अहिराणी सोडीसन. तो काय बी बोलो, मी म्हनस चूक व्हयनी. मन्हा मननं म्हनस. त्यानी कधी म्हनं नही."

मागे लोक हसले. नाक्यावरचेही दोघे-तिघे होते, ते जास्त हसले. मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. त्यांनी नानांना कडक शब्दांत समज दिली. अशाने तुमच्यावरच खटला होऊ शकतो, हेही सांगितलं. मग विचारलं, "आता तरी सांगा, त्याला म्हणायचंय तरी काय?"

नानांना ते माहीत होतं. पाच मिनिटांपूर्वी ओसरीवर कळलं होतं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे एक बरोबर भाषांतर होतं. माझ्या तोंडाशी आलं होतं, सांगा, नाना, ब्रेक सांगा. नाना म्हणाले,

"ते त्यालेच इचारा, साहेब. त्यानी भाषामा."

तारीख पडली. भुसावळच्या रेल्वेतला एक तमिळ कारकून पुढच्या तारखेला आला आणि ड्रायव्हर पहिल्यांदा बोलला, म्हणजे त्याचं बोलणं पहिल्यांदा कुणीतरी ऐकलं. निघण्याआधी धरणगावला त्याने मालकाच्या मुनीमजीला पायडल दाबून दाखवलं होतं. मुनीमजीने हात हलवून 'चल, चल' केलं होतं. ठाण्याच्या आवारात उभ्या असलेल्या गाडीची तपासणी झाली, तेव्हा ब्रेकच्या गळक्या नळीला साबण फासून वर सुतळी गुंडाळलेली सापडली. ड्रायव्हर सुटला.

मालकही सुटला. मुनीमजी कोर्टात म्हणाला, त्याने काही सांगितलं असेल तर मला कसं कळणार, मला त्याची भाषा येत नाही. हे उत्तर मान्य झालं. ज्या मुकेपणावर यांचा धंदा चालतो, तोच मुकेपणा वेळ आली की यांचा वकील होतो. मेलेल्या सालदाराच्या बायकोला कुणी उत्तर दिलं नाही, कोणत्याच भाषेत. आमची भाषा तिला येत होती, तरीही नाही.

नाक्यावर नानांचं नाव 'चूक व्हयनी' पडलं. टपरीवरून कुणीतरी ओरडायचं, "नाना, सोळामधून कितल्या ऱ्हायन्यात?" नाना शिवत राहायचे. दाभण टोपीत परत आलं होतं. जकातीच्या कारकुनाने बोलावणं पाठवलं की ते निरोप द्यायचे, माले येत नही ती भाषा. आणि एक गोष्ट लिहिलीच पाहिजे, कारण ती माझ्या बाजूची नाही: नाना गप्प झाल्यावर नाक्यावर गाड्या जास्त अडू लागल्या. ड्रायव्हर ओरडायचे, कारकून ओरडायचे, कुणी हात जोडणारं मध्ये नव्हतं. एकदोन ड्रायव्हरांनी मारही खाल्ला. मी तिथे उभा राहून हक्काच्या गोष्टी मराठीत सांगत होतो.

त्या भुसावळच्या कारकुनाकडून मी आमचं एक पत्रक तमिळमध्ये लिहून घेतलं. आमच्याकडच्या छापखान्यात ते टाइप नव्हते, म्हणून स्टेन्सिलवर प्रती काढल्या. अटक झाली तर आपल्या भाषेतला दुभाषी मागा, तोवर कशालाही होकार देऊ नका, असा मजकूर होता. पहिली प्रत मी नानांच्या दुकानाच्या फळीवर स्वतःच्या हाताने चिकटवली. नानांनी ती निरखून पाहिली आणि म्हणाले, "कागद जाड शे. चांगला शे." पण थिगळासाठी फाडली नाही.

काही महिन्यांनी सेलमचा तो ड्रायव्हर आला. दुसऱ्या मालकाची गाडी होती, नारळ उतरवून परत निघाला होता. दुकानासमोर गाडी थांबवून त्याने आधी फळीवरच्या पत्रकाकडे पाहिलं, आणि हसायला लागला. मग त्याने ते अलगद सोडवलं, उलटं फिरवलं आणि पुन्हा चिकटवलं. इतके महिने ते डोक्यावर उभं होतं आणि त्याखालून जाणाऱ्या कुणालाही, मला धरून, कळलं नव्हतं.

नानांनी त्याला ताडपत्रीच्या घडीवर बसवलं. अक्का डबा घेऊन आल्या होत्या, त्यांनी त्यालाही भाकरी दिली. खाऊन झाल्यावर तो बोलू लागला. सावकाश बोलत होता, नानांकडे बघत, हात न हलवता. मध्येच थांबे, पुन्हा सुरू करी. पूर्वी नाना अशा वेळी डोळे मिटून "हां, हां, बराबर" म्हणायचे. या खेपेला त्यांनी डोळे उघडे ठेवले आणि शेवटपर्यंत एक शब्द काढला नाही. तो उठला, त्याने नानांचे हात दाबले, अक्कांना नमस्कार केला आणि गाडी चालू केली. निघण्याआधी पायाने ब्रेक दाबून गाडी जागच्या जागी थांबवून दाखवली, आणि गेला.

अक्कांनी भांडी गोळा करत विचारलं, "काय म्हनना तो?"

"माले काय ठाऊक," नाना म्हणाले. त्यांनी टोपीतून दाभण काढलं, सुतळीचं टोक तोंडात धरून ओलं केलं, ओवलं. गाडी मालेगावच्या वळणावर दिसेनाशी झाली होती.

"पन माफी नही मांगी त्यानी."